नोकरी आली मोबाईलवर, पण मोबाईल कुणाच्या हातात?

गेल्या काही आठवड्यांत गटांच्या बैठकांमधून आमच्याकडे एकाच विषयावरचे प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आले. कुणी विचारलं, "लेकीनं फूड टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केलाय, नोकरीचे फॉर्म आता म्हणे ऑनलाईनच भरायचे, ते कुठं?" कुणी विचारलं, "पॅकहाऊसला माणसं पाहिजेत असा मेसेज फिरतोय, खरा का खोटा?" आणि एका ताईंनी सरळच विचारलं, "सात वर्षं द्राक्षं निवडली, पॅकिंग केलं. आता त्याच कामाला फॉर्म भरा म्हणतात. त्यात लिहायचं काय?" आज या सगळ्यावर बोलू. त्या शेवटच्या प्रश्नाला जरा जास्त वेळ देऊ, कारण आपल्या बायका मागे पडतात त्या तिथंच.

पूर्वी कसं होतं? हंगाम जवळ आला की मुकादम गावात यायचा, चार घरांत सांगायचा, गाडी भरून बायका कामावर जायच्या. ती पद्धत अजून आहेच. पण २०२० च्या टाळेबंदीत माणसं एकमेकांसमोर येईनात, तेव्हा कंपन्यांनी फोनवर आणि व्हिडिओवर मुलाखती घ्यायला सुरुवात केली, आणि ते त्यांना सोयीचं पडलं. नाशिककडचं द्राक्षाचं पॅकहाऊस असो, कोल्हापूर-सांगलीकडची डेअरी असो, कोकणातला आंब्याचा किंवा काजूचा कारखाना असो, यांचं काम असतं गावाकडं आणि भरती करणारा साहेब बसतो पुण्या-मुंबईत. त्याला शंभर माणसं भेटायला बोलावण्यापेक्षा शंभर फॉर्म वाचणं स्वस्त पडतं. त्यामुळे सुपरवायझर, क्वालिटी तपासणारी, प्रयोगशाळेतली मदतनीस, कोल्ड स्टोरेजचा हिशेब ठेवणारी, दूध संकलन केंद्र सांभाळणारी, शेतकऱ्यांना भेटी देणारी फील्ड ऑफिसर, अशा कामांच्या जाहिराती आता मोबाईलवरच येतात. शेतकरी उत्पादक कंपन्यासुद्धा आपला व्यवस्थापक किंवा हिशेबनीस व्हॉट्सॲपवर जाहिरात टाकून शोधतात.

आता यात एक गोष्ट आपण नीट समजून घेऊ. समोरचा आपल्याला बघत नाही. त्याच्यापुढं असतो फक्त एक फोन नंबर आणि चार ओळी. म्हणून आधी त्या नंबरचं बघा. आमच्या भागात अर्ध्याअधिक फॉर्मवर नंबर असतो तो नवऱ्याचा, दिराचा नाहीतर भावाचा. कंपनीचा फोन येतो सकाळी अकराला. तेव्हा तो फोन असतो शेतात, ट्रॅक्टरवर, नाहीतर तालुक्याला. अनोळखी नंबर म्हणून कुणी उचलत नाही, किंवा उचलून "ती घरी नाही" म्हणून ठेवून देतात. भरती करणारा एकदा करतो, दोनदा करतो, मग यादीतल्या पुढच्या नावाकडं जातो. बाई नापास झालेली नसते, तिच्यापर्यंत कुणी पोचलेलंच नसतं. आणि वर घरातले म्हणतात, "बघ, फॉर्म भरून काय उपयोग झाला?"

घरात प्रत्येकीला वेगळा फोन परवडत नाही, हे आम्हालाही कळतं. पण सिमकार्ड स्वतःच्या नावाचं असावं, आणि फॉर्म भरल्यानंतरचे पंधरा-वीस दिवस तरी तो फोन दिवसा आपल्याजवळ राहावा, एवढं घरात बोलून ठरवता येतं. तेही नाही जमलं तर गटातल्या जिच्याकडं फोन कायम असतो तिचा नंबर दुसरा संपर्क म्हणून द्या, पण तिला तसं सांगून ठेवा. ईमेल मात्र स्वतःचाच हवा. तो फुकट निघतो. सेवा केंद्रावाल्यानं त्याचाच ईमेल घातला आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात राहिला, तर उद्या आलेलं पत्र त्यालाच दिसणार, तुम्हाला नाही.

आता फॉर्मकडं येऊ. "अनुभव" असा एक रकाना असतो. आम्ही कितीतरी जणींचे भरलेले फॉर्म बघितले. त्या रकान्यात लिहिलेलं असतं "शेतमजुरी" किंवा "गृहिणी", नाहीतर नुसती एक आडवी रेघ. सात वर्षं पॅकहाऊसच्या टेबलावर उभं राहून काढलेल्या बाईच्या फॉर्मवर आडवी रेघ! नोकरीच्या संकेतस्थळांवर कंपनीवाला सगळे फॉर्म वाचत बसत नाही. तो शब्द टाकून शोधतो: ग्रेडिंग, सॉर्टिंग, पॅकिंग, क्वालिटी, कोल्ड स्टोरेज. ज्या फॉर्मवर तो शब्द असतो तोच त्याच्या पडद्यावर येतो. आडवी रेघ कुठल्याच शोधात सापडत नाही.

म्हणून त्या ताईंबरोबर बसून आम्ही त्यांचं काम शब्दांत मांडलं. ते असं झालं: "निर्यातीच्या द्राक्षाचं पॅकहाऊस, प्रतवारी आणि पॅकिंग, सात हंगाम. मण्याचा आकार आणि रंग बघून घड वेगळे करणे. सडका, चिरलेला मणी कात्रीने काढणे. वजन करून ५०० ग्रॅमचे पनेट भरणे. शेवटचे दोन हंगाम बारा जणींच्या टेबलावर देखरेख." यात एक अक्षर खोटं नाही. पण हे वाचल्यावर साहेबाला कळतं की या बाईला मजूर म्हणून कशाला घ्यायची, हिला तर टेबलाची सुपरवायझर करता येईल. आणि त्या दोन जागांच्या पगारात फरक असतो.

तुमचंही काम असंच उलगडून बघा. दूध संकलन केंद्रावर बसत असाल तर फॅट आणि एसएनएफ काढता, यंत्र धुता, रोज किती उत्पादकांची नोंद करता ते आकड्यात लिहा. चंदगड-आजऱ्याकडं किंवा सिंधुदुर्गात काजू सोलत असाल तर अख्खा गर आणि तुकडा वेगळा करता, डब्ल्यू-३२० कुठला आणि डब्ल्यू-२४० कुठला हे हातात घेतल्यावर सांगता. हा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण तितके गर. आकडा जितका लहान तितका गर मोठा. हे ज्ञान आहे, आणि कारखाना त्याचेच पैसे देतो. शालेय पोषण आहाराचा स्वयंपाक करत असाल तर रोज किती मुलांचं अन्न ठरल्या वेळेत, स्वच्छतेनं करता ते लिहा. बचत गटाची सचिव असाल तर तुम्ही हजेरी, बचत, अंतर्गत कर्ज आणि बँकेचा हिशेब ठेवता. छोट्या कंपनीला हिशेबनीस हवी असते ती याहून वेगळी काय काम करते? गटाचं लोणचं-मसाले करत असाल तर किती किलोचा घाणा, महिन्याला किती घाणे, लेबल आणि तारीख कोण लावतं, हे सगळं अनुभवातच येतं.

हा मजकूर मराठीत लिहा, पण त्यातले पाच-सहा नेमके कामाचे शब्द शिकलेल्या लेकीकडून इंग्रजीतही लिहून घ्या, कारण शोधणारा बहुतेक वेळा इंग्रजीत शोधतो. आणि एक सांगून ठेवतो, नोकरीचा बायोडाटा आणि लग्नाचा बायोडाटा यात गल्लत करू नका. आमच्याकडं तपासायला आलेल्या एका कागदावर उंची, रास आणि मामाचं गाव होतं, पण शिक्षण शेवटच्या ओळीत होतं. साहेबाला रास जुळवायची नाहीये.

अनुभव आहे पण प्रमाणपत्र नाही, असं असेल तर तेही मिळवता येतं. केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात उपयोगी पडणारा आणखी एक दाखला आहे फॉस्टॅकचा. अन्न सुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, हे प्रशिक्षण चालवतं. अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे असं प्रशिक्षण घेतलेली निदान एक व्यक्ती असावी, असं ते सांगतं. म्हणजे कारखान्यांना अशी माणसं लागतात. बारावी झालेल्या मुलीनं हा दाखला जोडला की तिचा फॉर्म चार फॉर्मांत वेगळा दिसतो.

नावाची भानगड मात्र बायकांचीच. दहावीच्या गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. पुरुषाचं नाव जन्मभर एकच राहतं, त्यामुळे हे फॉर्म बनवणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. संगणकाला दोन नावं दिसली की तो फॉर्म अडवतो. यावर उपाय म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. गावात तो ग्रामपंचायतीकडून मिळतो. काही ठिकाणी राजपत्रात नाव बदलल्याची प्रत मागतात. ही कामं जाहिरात आल्यावर करायला गेलात तर मुदत निघून जाते. पाऊसकाळात, हाताशी वेळ असताना उरकून ठेवा.

नोंदणी कुठं करायची हे थोडक्यात सांगतो. आपल्या राज्य सरकारचं महास्वयम् नावाचं संकेतस्थळ आहे. पूर्वी जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात रांग लावून नाव नोंदवायचो, ते काम आता तिथं होतं. केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून आहे, तिचा मदतीचा नंबर १५१४. दोन्हीकडं नोंदणीला पैसे लागत नाहीत. जिल्ह्याच्या गावी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतं, तिथं ऑनलाईन रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते. पदवी-डिप्लोमा झालेल्या मुलींनी लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉमवरही आपलं नाव ठेवावं. फळांच्या हंगामी कामांची भरती माल सुरू व्हायच्या आधीच होते. द्राक्षाचा माल जानेवारीत सुरू होणार असेल तर दिवाळीनंतर लगेच लक्ष ठेवायला लागा. संक्रांतीला शोधू लागलात तर जागा भरलेल्या असतात.

आता त्या मेसेजबद्दल. असे मेसेज साधारण एकाच साच्याचे असतात. "अमुक फूड्स, पॅकिंगसाठी मुली पाहिजेत, दहावी पास, पगार २८ हजार, राहणं-जेवण मोफत, मुलाखत नाही." फोन केला की गोड आवाजातली बाई बोलते. संध्याकाळपर्यंत शिक्का मारलेलं नेमणूकपत्र व्हॉट्सॲपवर येतं. घरात पेढे वाटून होतात. मग दुसऱ्या दिवशी गणवेशाचे बाराशे, मग मेडिकलचे पंधराशे, मग ट्रेनिंगचं डिपॉझिट, "पहिल्या पगारात परत मिळेल". आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. खरी नोकरी देणारा आधी पैसे मागत नाही. रक्कम शंभर रुपये असली तरी मागितली की तिथंच थांबायचं.

खाद्यपदार्थांची कंपनी तपासायची एक सोपी खूण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कुठलंही बिस्किटाचं किंवा मसाल्याचं पाकीट उलटं करून बघा. त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असतो. पदार्थ बनवणाऱ्या प्रत्येकाला तो घ्यावाच लागतो, आपल्या लोणच्याच्या गटालासुद्धा. फोन करणाऱ्याला विचारा, "तुमचा चौदा आकडी नंबर सांगा." तो नंबर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट या ॲपवर टाकला की कंपनीचं नाव-पत्ता दिसतो. नाव जुळलं तरी एवढ्यावर थांबू नका, कारण भामटे खऱ्या कंपनीचं नाव बिनदिक्कत वापरतात. कंपनीच्या पाकिटावर ग्राहकांसाठी जो फोन छापलेला असतो त्यावर लावा आणि "अशी भरती चालू आहे का?" म्हणून विचारा. मेसेजमधल्या नंबरवर खात्री करून घेण्यात काही अर्थ नाही. चोराला चोरीची साक्ष विचारल्यासारखं ते होतं.

काही जागा तर ऑनलाईन मिळतच नाहीत. कृषी सखी, पशु सखी यांची निवड उमेद अभियानात गावपातळीवर ग्रामसंघाच्या माध्यमातून होते. "दोन हजार भरा, कृषी सखीची ऑर्डर पाठवतो" असा फोन आला तर तो खोटा आहे, हे तुमच्या ग्रामसंघाच्या अध्यक्षा एका वाक्यात सांगतील.

पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. फॉर्म म्हणून पाठवलेलं कुठलंही ॲप फोनमध्ये घालू नका. त्यातून समोरच्याला तुमचा सगळा पडदा दिसू शकतो. आधारची प्रत द्यावी लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, ते आधारच्या संकेतस्थळावरून काढता येतं. आणि "काम काही नाही, फक्त तुमचं बँक खातं वापरू द्या, महिन्याला कमिशन देऊ" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. त्या खात्यातून दुसऱ्यांचे लुबाडलेले पैसे फिरवतात. पोलीस मग खातेदाराच्या दारात येतात, आणि खातं गोठलं की घरचे पैसेही अडकतात.

इतकं करूनही पैसे गेले, तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. व्यवहाराचा नंबर आणि वेळ हाताशी ठेवा, बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळेल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. आमच्या बघण्यात येतं ते उलटं: पोरगी घाबरून आठ दिवस गप्प बसते, कारण पैसे आईच्या गटाच्या कर्जातले असतात आणि बापाला माहीत नसतं. तोवर पैसे चार खाती ओलांडून गेलेले असतात. आयांनो, पहिल्या तासात लेक तुमच्याकडं रडत आली तर ओरडायचं नंतर, आधी फोन लावायचा.

मुलाखतीला बसताना खोलीतली टीव्हीची जागा आणि अंगणातल्या कोंबड्या यांचा बंदोबस्त केला, फोन पुरता चार्ज केला आणि खिडकीकडं तोंड करून बसलं की पुरे. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका. पॅकहाऊस आणि डेअरीच्या कामाला मराठी-हिंदी चालते. विचारतात ते कामाचं. "बोट कापलं तर काय कराल?" हा तर हमखास येणारा प्रश्न. "फडकं बांधून काम चालू ठेवीन" हे आपल्या कष्टाळू बाईचं उत्तर, आणि अन्नाच्या कारखान्यात ते चुकीचं. लगेच सुपरवायझरला सांगायचं, रक्त लागलेला माल बाजूला काढायचा, जखमेला पट्टी लावायची. ती पट्टी निळी असते. निळ्या रंगाचं अन्न सहसा नसतं, त्यामुळे पट्टी मालात पडली तर पटकन दिसावी म्हणून.

आणि बांगड्यांचा प्रश्न. बहुतेक कारखान्यांत लाईनवर बांगड्या, अंगठ्या, कानातले, नखांचा रंग चालत नाही. काच फुटून मालात गेली तर सगळा लॉट टाकून द्यावा लागतो. मंगळसूत्राचा नियम ठिकाणानुसार बदलतो, म्हणून मुलाखतीतच विचारून घ्या आणि घरात सासूबाईंशी आधीच बोला. पहिल्या दिवशी गेटवर हात रिकामे करायला सांगितले म्हणून परत आलेल्या सुना आम्हाला माहीत आहेत. नोकरी गेली आणि घरात वाद झाला तो वेगळाच.

तुम्हीही विचारा. मुलाखत म्हणजे नुसती उत्तरं द्यायची नसतात. हातात पगार किती पडणार? कंपनीच्या हजेरीवर घेणार की ठेकेदाराच्या? रात्रपाळी आहे का, आणि घरापर्यंत गाडी आहे का? काम किती महिने? परगावी राहायचं असेल तर राहण्याचा पूर्ण पत्ता काय? तो पत्ता मिळाल्याशिवाय लेकीला गाडीत बसवू नका, आणि पहिल्यांदा घरातलं कुणीतरी सोबत जाऊन जागा बघून या.

पीएफचं विचारायला विसरू नका. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तो नियम साधारणपणे लागू होतो. पीएफ कापला की यूएएन नावाचा बारा आकडी नंबर मिळतो आणि तो जन्मभर एकच असतो. हंगामी बायकांचं होतं काय, यंदा एका पॅकहाऊसला, पुढच्या वर्षी दुसऱ्या, आणि जुना नंबर कुणी सांगत नाही म्हणून नवा निघतो. चार वर्षांचे पैसे चार ठिकाणी पडून राहतात. तेव्हा हातात नेमणूकपत्र पडलं की जुना यूएएन सांगा, आणि तो गटाच्या वहीत मागच्या पानावर नावासमोर लिहून ठेवा. कुठल्या जुन्या कंपनीत पैसे अडकलेत हे ज्यांना बघायचंय त्यांनी उमंग ॲपवर यूएएन टाकून पासबुक उघडावं. नंबरच आठवत नसेल तर जुनी पगाराची चिठ्ठी शोधा, बहुतेक चिठ्ठ्यांवर तो छापलेला असतो.